पुंगळ्या आणि अण्णांचा अंगठा

"हातांना घाम येतो काय?"

बंगळुरात खोली शोधताना तोवर मला बरेच प्रश्न विचारून झाले होते. मांसाहार करता का, मित्र येतात का, लग्नाचं कुठवर आलंय, आडनाव असं कसं. घामाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. शिवाजीनगरच्या बस स्टँडवरून उन्हातून चालत आल्यामुळे मला घाम सगळीकडेच आला होता, पण खोली हवी होती. मी म्हटलं, "हातांना नाही येत."

"बघू की," म्हणून त्या उंच, वाळक्या गृहस्थांनी खिशातून एक फडकं काढलं आणि फडक्यातली पितळेची पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. बंदुकीच्या काडतुसाची होती, झाडलेली, रिकामी. "मुठीत धरून ठेव. कॉफी होईपर्यंत."

मी तिथून पळून का गेले नाही हे मला आजही सांगता येत नाही. एका मुठीत पुंगळी आणि दुसऱ्या हातात कॉफी असं धरून मी उभी राहिले, कारण बसायला जागा नव्हती. घरातल्या चारही खुर्च्यांवर काहीतरी ठेवलेलं होतं. कॉफी संपल्यावर त्यांनी पुंगळी फडक्याने उचलून नेली. माझं नाव, गाव, पगार काही विचारलं नाही, फोन नंबर तेवढा घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "ये. डाग नाही पडला."

घामट हातांची बोटं पितळेवर उमटतात आणि दोन दिवसांत काळी पडतात, हे मला नंतर कळलं. माझ्याआधी खोली बघून गेलेल्या सगळ्यांचे ठसे असे काळे पडले होते. त्यांत एक बँक मॅनेजर होता आणि एक डॉक्टरीणबाई.

त्यांना सगळा मोहल्ला अण्णा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला अक्का. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले आणि राहिले. घरात मराठी बोलत, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिला महिनाभर मला निम्मं कळायचं नाही. माझ्या मराठीला अण्णा हसत. "आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही स्लीपर कोचनं. भाषेत फरक पडायचाच," असं म्हणत.

अण्णा एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. उभा जन्म डाय घासण्यात गेला. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात धातू दाबला की त्याला हवा तो आकार येतो. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. देवनहळ्ळीच्या पलीकडे एक जुना रायफल क्लब होता. त्या क्लबात काही जुन्या लष्करी रायफली होत्या आणि वर्षातून एकदा त्यांचा सामना भरायचा. त्या रायफलींना लागणारी काडतुसं आता बाजारात मिळत नव्हती. म्हणून झाडलेल्या पुंगळ्याच पुन्हा मापात आणून, क्लबच्या परवान्यावर परत भरत. भरण्याचं काम क्लबात, सेक्रेटरीबाईंच्या डोळ्यांदेखत व्हायचं. पुंगळ्या मापात आणायचं काम अण्णांचं. घरात बंदुकीच्या दारूचा कणही येत नसे, फक्त पितळ. हे मला अक्कांनी पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तुम्हीच समजा.

अण्णा बसत नसत. हे वाक्य मी जपून लिहिते आहे, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे. कॉफी घेऊन ते स्वयंपाकघरातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून परत स्वयंपाकघरापर्यंत चालत; चार फेऱ्यांत पेला संपे. पेपर फाटकावर पसरून उभ्याने वाचत. बस रिकामी असली तरी दांडा धरून उभे, आणि सिग्नलला बस फार वेळ थांबली की उतरून चालायला लागत. पुढच्या स्टॉपवर तीच बस पकडत. "लग्नात बसले तेवढेच," अक्का सांगायच्या, "ते पण भटजींनी दोनदा धरून बसवले म्हणून."

मला हे फार विचित्र वाटलं नाही, कारण मीही त्यातलीच. नाशिक सोडल्यापासून दोन वर्षांत माझ्या तीन खोल्या आणि दोन नोकऱ्या झाल्या होत्या. एक सुटकेस मी कधी उघडतच नसे. व्हाइटफील्डच्या ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, संध्याकाळी कॅबमध्ये दीड तास सडायचं, आणि घरी येऊन दुसऱ्या शहरातल्या नोकऱ्या बघायच्या, असा माझा दिनक्रम होता. त्या घरात दोन चुळबुळी माणसं झाली होती. अक्का मधे बसून शेंगा सोलायच्या.

मागच्या पडवीत एका जाड सागवानी फळीवर हाताचा प्रेस बसवलेला होता. दांडा खाली ओढला की खालची पुंगळी वर जाऊन डायमध्ये घुसे. डाय तीन होत्या आणि तिघींना अण्णांनी नावं दिली होती. मावशी, आई आणि सासू.

"मावशी फक्त मान धरते," त्यांनी मला पहिल्या रविवारी समजावलं, प्रेसभोवती फिरत फिरत. "पुंगळी आपल्याच रायफलीतून सुटलेली असली की तिचं अंग त्या रायफलीच्या मापाचं झालेलं असतं. मान तेवढी आवळली की आयतु, झालं. आई सगळं अंग आवळते. आणि ही सासू. हिनं बुडापर्यंत आवळलं नाही तर नाव नको."

"मग सगळ्यांना सासूकडेच पाठवा की. काळजी मिटली."

अण्णा फिरायचे थांबले. "सगळ्यांना सासूकडे पाठवलं तर नांदतील किती? प्रत्येक वेळी आवळलं की पितळ थकतं पुट्टी. चार वेळात बुडाशी चीर पडते."

पुट्टी म्हणजे पोरगी. मी सत्तावीस वर्षांची होते.

अडचण अशी की क्लबाकडच्या पुंगळ्या सगळ्या एका घरच्या नव्हत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी रायफलींबरोबर रीतसर मिळालेली एक पत्र्याची ट्रंक होती, लष्करात झाडलेल्या पुंगळ्यांनी भरलेली. त्यातल्या काही रायफलीतून सुटलेल्या, काही मशीनगनमधून. मशीनगनचं पोट ढिलं असतं, म्हणून तिच्यातली पुंगळी बुडाशी जरा फुगते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती आईतून काढली तर बाकी अंग मापात येतं, पण बूड फुगलेलंच राहतं, आणि रायफलीत भरताना अडकते. म्हणून कोणती कुठल्या डायकडे पाठवायची ते आधी ठरवावं लागे. अण्णा ते अंगठ्यानं ठरवत. पुंगळी घ्यायची, बुडाच्या जरा वर अंगठा टेकवून एक गिरकी द्यायची. "आई." गिरकी. "आई." गिरकी. "हं, हिला सासू."

खणात मायक्रोमीटर होता, स्वतः बनवलेलं गेजही होतं. गेज म्हणजे पोलादाची नळी; मापात आलेली पुंगळी तिच्यात अलगद बसते, न आलेली बसत नाही. ते फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. "गेज होय की नाही एवढंच सांगतं," ते म्हणत. "किती ते सांगत नाही. ते नवशिक्यांना." इडलीचं पीठ, पिकलेली केळी, माझ्या लॅपटॉपचं तापलेलं बूड, सगळ्यावर त्यांचा अंगठा फिरायचा आणि निकाल लागायचा. खराब निघालेल्या पुंगळीचं तोंड ते तिथल्या तिथे पकडीने चेपून टाकत. "तशीच ठेवली की चांगल्यांत मिसळते. दिसायला सारखीच."

एवढ्या हौसेनं चाललेल्या कामावर तलवार लटकत होती, हे मला अक्कांनी सांगितलं. मागच्या सामन्यात दोन काडतुसं रायफलीत अडकली होती. एका म्हाताऱ्या नेमबाजाने काडतूस आत ढकलणारा बोल्ट हाताने ठोकायला घेतला, तेव्हा सेक्रेटरीबाई धावल्या म्हणून बरं. यंदा एक जरी अडकलं तर प्रेस अण्णांकडून काढून घ्यायचा असं बाईंनी बजावलं होतं. "प्रेस गेला की हा माणूस कुठं जाणार गं?" अक्का म्हणाल्या. "फाटक आणि स्वयंपाकघर. एवढंच उरेल."

वंगणाची कथा वेगळीच आहे. पुंगळीला वंगण लावल्याशिवाय डायमध्ये घालता येत नाही; कोरडी घातली तर पितळ पोलादाला घट्ट धरतं आणि आतच राहतं. जास्त लावलं तर वेगळाच घोळ. "तेल दबत नाही, पितळ दबतं," अण्णा सांगत. जादा तेल खांद्यापाशी, मानेच्या जरा खाली, साठतं आणि तिथे पुंगळीला खड्डा पाडतं. म्हणून बोटाला जेमतेम जाणवेल एवढंच हवं. अण्णांनी आयुष्यभर वंगणांचे प्रयोग केले होते. एरंडेल चिकट. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर पितळ हिरवं. खोबरेल बरं होतं, पण बंगळुरात डिसेंबरात ते थिजून बसतं. एकदा तर त्यांनी अक्कांचं ताजं लोणी पळवलं होतं, आणि त्याबद्दल मागच्या पडवीत आठवडाभर मुंग्या आणि पुढच्या पडवीत अक्का त्यांच्यामागे लागल्या होत्या.

शेवटी त्यांना सापडलं ते लोकरीतून निघणारं मेण. लॅनोलिन. आणि ते शुद्ध मिळतं कशात, तर बाळंतिणींसाठीच्या मलमात. अण्णा स्वतः औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने अभिनंदन करून विचारलं, नातू झाला की नात? अण्णा म्हणाले, "ना नातू, ना नात. पुंगळ्या." त्यानंतर आणायला मला पाठवू लागले. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने माझ्याकडे बाळाचं वजन विचारलं. मी म्हटलं, "वाढतंय."

रविवारी सकाळी मी पडवीत कधीपासून बसायला लागले ते आठवत नाही. आधी फडक्याने पुसायचं काम. मग वंगण लावायचं. दांडा मात्र अण्णांच्याच हातात, कारण परवान्यावर नाव त्यांचं. पुंगळ्या तळहातावर घोळवताना डोक्यातली भुणभुण थांबायची, हे मला कबूल करायला हवं. ऑफिसच्या कोणत्याच कामाने ती थांबत नसे.

एकदा उत्साहाच्या भरात मी वंगण अक्षरशः थापलं. डायमधून बाहेर आलेल्या पुंगळीच्या खांद्याला खड्डा पडला होता, पिकलेल्या पेरूला बोट लागल्यासारखा.  अण्णांनी पुंगळी हातात घेतली. खांद्यावरून, बरोब्बर खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले आणि चांगल्या पुंगळ्यांच्या डब्यात टाकली. त्यांच्याच नियमानं ती पकडीत जायला हवी होती. पण मला वाटलं, माझं मन मोडू नये म्हणून सोडली असेल. मी मनातून सुखावले. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे मला पैसे मिळतात, आणि ही माझ्या डोळ्यांसमोरून गेली. कढत कॉफीचा स्टीलचा पेला ते सरळ चिमटीत धरत, तेही मी त्यांच्या कणखरपणात जमा केलं होतं.

सामन्याला महिना उरला असताना तो रविवार आला. माझ्या डावीकडे वंगण लावलेल्या, उजवीकडे नुसत्या पुसलेल्या. अण्णा येरझाऱ्या घालता घालता हात लांब करून एकेक उचलत होते. सासू प्रेसवर चढवलेली. त्यांनी एक पुंगळी उचलली ती उजवीकडची. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला, "सरी" म्हटलं आणि दांडा ओढला.

दांडा अर्ध्यात थांबला. अण्णांनी अंगाचा भार टाकला, मग उलटा जोर लावला. टक् असा आवाज झाला. पुंगळीची बुडाची कडा फाटून खाली पडली आणि बाकीची सासूच्या पोटात रुतून बसली. सासू त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेली. तशी दुसरी कुठे मिळणार नव्हती.

"हिला वंगण लावलं होतंस की नाही?" त्यांनी विचारलं.

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी खरं बोलू शकले नाही. "विसरले असेन," मी म्हटलं. "चूक माझी."

 अण्णांनी सेक्रेटरीबाईंना फोन लावला आणि काम दोन दिवस लांबेल म्हणून कन्नडमध्ये कळवलं. एवढं कन्नड मला यायला लागलं होतं. ते म्हणाले, "पोरीकडून चूक झाली." आळ मी आपणहून घेतला होता, तरी ते ऐकून मला लागलं. फार लागलं.

दुपारी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कढीपत्ता ओरबाडत होत्या. "तू विसरली नव्हतीस," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. साखरेनं बोटं गेली त्यांची. डॉक्टरनं अंगठ्यात सुई टोचली, तर हे विचारतात, टोचणार कधी म्हणून."

मी एक काडी उचलून कढीपत्ता ओरबाडायला लागले.

"वीस वर्षं त्या खोलीत माणसं राहतात गं. घामाचं कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. हे दोन वर्षांतलंच. लोकांना वाटलं, पितळ खराब होईल म्हणून विचारतात. त्यांना भाडेकरू नको होता. हात पाहिजे होता."

माझा संताप झाला. मला कोणी वापरून घेतलं की माझा पहिला विचार असतो तो सुटकेस. आणि नेमकी त्याच आठवड्यात हैदराबादहून नोकरी आली होती. होय कळवायचं तेवढं बाकी होतं. मी पडवीत गेले. अण्णांनी अडकलेल्या पुंगळीला मागून भोक पाडून आटे काढले होते आणि त्यात बोल्ट घालून ते तिला हळूहळू बाहेर ओढत होते. सासूला ओरखडा जाऊ नये म्हणून एकेक आटा देत होते.

"तुम्ही मला सरळ का नाही विचारलंत?" मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी?"

त्यांनी पाना खाली ठेवला आणि फेऱ्या मारायला लागले. तीन फेऱ्यांनंतर म्हणाले, "काय म्हणून विचारू? माझा अंगठा मेला, तुझा दे म्हणून? तू राहिली असतीस काय?"

नसते राहिले. कोणीच राहिलं नसतं. मी म्हटलं, "सामना होईपर्यंत आहे. नंतरचं माहीत नाही."

"सामन्यापर्यंत पुरे," ते म्हणाले आणि पुन्हा पाना उचलला.

त्यानंतर रोज ऑफिसला जाण्याआधी तासभर माझी शिकवणी चाले. अण्णा माझ्यासमोर तीन पुंगळ्या ठेवत. डोळे मिटायचे आणि फुगलेली ओळखायची. पहिले चार दिवस मला तिन्ही सारख्याच लागल्या. "अंगठा ओढू नको. टेकव. स्वल्प थांब. आता फिरव." पाचव्या दिवशी एका पुंगळीवर अंगठा फिरवताना मधेच काहीतरी आल्यासारखं वाटलं, नखाएवढं नाही, केसाएवढंही नाही, पण काहीतरी. मी डोळे उघडले. अण्णा माझ्या पुंगळीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. "आली काय?" त्यांनी विचारलं.  आजही कुठल्याही गुळगुळीत वस्तूवर माझा अंगठा आपोआप फिरतो, मेट्रोच्या दांड्यावरसुद्धा.

मी अट घातली की डायमधून निघालेली प्रत्येक पुंगळी गेजमध्ये बसवून बघायची. अण्णांनी खण उघडला, फडकं सोडलं आणि गेज माझ्यापुढे ठेवून ते फाटकाकडे निघून गेले. मग मी जुना डबा उपसला. त्यातून माझी ती पेरूसारखी खड्डा पडलेली पुंगळी निघाली, आणि तिच्यासारख्या आणखी बऱ्याच. त्यांना वंगण मी लावलेलं नव्हतं. अण्णांच्या गैरहजेरीत मी सगळ्यांची तोंडं पकडीने चेपली. एकही त्यांना दाखवली नाही.

सामन्याच्या दिवशी आम्ही बसने देवनहळ्ळीला गेलो. अण्णा अर्थातच उभे होते आणि त्यांच्याबरोबर मीही. क्लबाच्या मैदानाला तीन बाजूंनी नव्या लेआउटचे, म्हणजे प्लॉट पाडल्याचे, दगड लागले होते. द्राक्षांचा एकच मळा शिल्लक होता. अण्णांना एका जागी थांबवेना. ते कुंपणाच्या कडेने चालत राहिले, आणि रायफलीचा बोल्ट सरकल्याचा आवाज आला की थबकत. बोल्ट बसला की पुन्हा चालायला लागत. मी हात बगलेत दाबून मोजायचं नाही असं ठरवलं होतं आणि मोजत होते.

एकही अडकलं नाही. शेवटची फेरी संपल्यावर सेक्रेटरीबाई आमच्याकडे आल्या. कडक बाई, एके काळच्या स्वतः नेमबाज. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "अण्णा, मागच्या वर्षी मी जास्तच बोलले. इतकं साफ काम मी पाहिलं नव्हतं. प्रेस तुमच्याकडेच राहणार. कोणी काही म्हणू दे."

मला हायसं वाटलं.  मी मनात अक्कांना फोनसुद्धा लावला.

अण्णा म्हणाले, "हे माझं काम नाही."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, विनय.

"माझ्या अंगठ्याला दोन वर्षं काही कळत नाही," अण्णा म्हणाले. "मागच्या वर्षीच्या दोन माझ्यामुळे अडकल्या. महिन्यापूर्वी डायमध्ये अडकली ती पण माझी. पोरीची चूक म्हणून मी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खोटं. यंदा दांडा मी ओढला. ठरवलं सगळं हिच्या अंगठ्यानं." हे त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. मग माझ्याकडे वळून, मला कळलं नसेल तर म्हणून, सगळंच्या सगळं पुन्हा मराठीत सांगितलं.

 बाईंनी जे म्हणायचं तेच म्हटलं. परवान्यावर नाव अण्णांचं आहे, पोरीचं नाही. ती काही सभासद नाही. हे कळल्यानंतर प्रेस घरी ठेवता येणार नाही. तो क्लबात आणावा लागेल. त्यांना ते बोलताना त्रास होत होता, हे मला दिसत होतं, तरीही त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

"सरी," अण्णा म्हणाले. "सोमवारी माणसं पाठवा. तेवढं सासूला फडक्यात गुंडाळून न्या. तिला ओरखडा नको."

बाई गेल्यावर मी अण्णांवर ओरडलेच. "गप्प बसायला काय झालं होतं? त्या स्वतःहून देत होत्या ना! मी कुठे बोलणार होते? अक्का कुठे बोलणार होत्या?"

"तशीच ठेवली की चांगल्यांत मिसळते," अण्णा म्हणाले.

"तुम्ही पुंगळी आहात का?"

 ते बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागले.

परतीची बस जवळजवळ रिकामी होती. मी सवयीने दांडा धरला आणि त्यांच्यासाठी बाजूला जागा केली. अण्णा आले आणि खिडकीजवळच्या सीटवर बसले. नीट टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मी त्या माणसाला दहा महिन्यांत पहिल्यांदा बसलेलं बघत होते. सिग्नलला बस थांबली, फार वेळ थांबली, तरी ते उतरले नाहीत. मला ते बघवेना, म्हणून मीही शेजारी बसले. हैदराबादचं मी त्यांना सांगितलं नाही. जायचंच नव्हतं, तर सांगण्यासारखं आता त्यात काही उरलं नव्हतं.

हेब्बाळच्या पुलावर त्यांनी हात पुढे केला. "हात बघू."

मी तळहात पुढे धरला. त्यांनी त्यावर अंगठा टेकवला. ओढला नाही, टेकवला. थोडं थांबले, मग फिरवला, मनगटापासून बोटांपर्यंत, एकदा आणि पुन्हा एकदा. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "घाम आलाय काय?"

माझा तळहात ओलाचिंब होता. सकाळपासून होता. त्यांच्या अंगठ्याला पाणी लागून तो चमकत होता, आणि तरी त्यांना मला विचारावं लागलं.

"आलाय," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून ते फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पूस मग," म्हणाले. "पितळेला डाग पडतो."